नोनोचे ऐकले कोणी?

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारले होते, की तत्त्वज्ञानाचा माणूस व्यवस्थापनाच्या पुस्तकांत काय शोधतो? उत्तर साधे आहे. निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे आम्ही वर्गात कमी आणि समित्यांत जास्त बसलो. अशाच एका समितीत एक छोटे इंग्रजी पुस्तक सगळ्यांना वाटले गेले होते. आज त्याच पुस्तकाबद्दल बोलायचे आहे.

जॉन कॉटर हे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे निवृत्त प्राध्यापक. संस्थांमधले बदल का फसतात यावर त्यांनी १९९५ साली लेख लिहिला, पुढच्या वर्षी 'लीडिंग चेंज' हे पुस्तक आले. त्यात आठ पावले आहेत. निकड जाणवून द्या, पुढाकार घेणारा गट जमवा, भविष्याचे चित्र ठरवा, ते सर्वांपर्यंत पोचवा, अडथळे दूर करा, आणि असेच पुढे, बदल अंगवळणी पडेपर्यंत. नंतर होल्गर राथगेबर यांच्यासोबत त्यांनी हीच पावले पेंग्विनांच्या गोष्टीत घातली. 'अवर आइसबर्ग इज मेल्टिंग' ते हेच.

गोष्ट गोड आहे, हे आधीच कबूल करतो. फ्रेड नावाच्या पेंग्विनला कळते, की आपला हिमनग आतून पोखरला जातो आहे. पोकळीत शिरलेले पाणी गोठले, की नग फुटेल. मोठ्यांना हे पटत नाही. मग फ्रेड काचेच्या बाटलीत पाणी भरून ती बंद करतो, रात्रभर बाहेर ठेवतो, आणि सकाळी बाटली तडकलेली असते. संबंध पुस्तकातला आम्हाला सर्वांत आवडलेला प्रसंग हा. पदाचा दरारा नाही, भाषण नाही. समोर बाटली आहे, ज्याने त्याने पाहावे.

पुढे नोनो येतो. नावाप्रमाणेच प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारा. त्याने लोकांना बिथरवू नये म्हणून त्याच्या मागे कोणाला लावतात? प्राध्यापकांना! बोलबोलून त्याला गुंतवून ठेवायचे, ही आमच्या जातभाईंची कामगिरी. वाचताना आम्ही हसलो. हसू ओसरल्यावर मात्र एक शंका आली, ती अजून गेलेली नाही.

फ्रेड आणि नोनो यांत फरक काय? दोघेही सर्वमान्य मताला विरोध करतात. पहिल्या पानांवर विरोधक असतो तो फ्रेडच. पुढे वसाहतीचे मत बदलले, तेव्हा ती जागा नोनोकडे गेली, इतकेच. फ्रेड बरोबर आणि नोनो चूक हे आपल्याला ठाऊक असते, कारण लेखकाने तसे लिहिले आहे. प्रत्यक्षातल्या कचेरीत असा लेखक नसतो. 'नाही' म्हणणारा माणूस उद्याचा फ्रेड आहे की नोनो, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसते. आणि आठ पावलांचा क्रम असा आहे, की चित्र तिसऱ्या पावलावर ठरते आणि पाचव्यावर अडथळे दूर करायचे असतात. म्हणजे ठरलेल्या दिशेबद्दलची शंका आपोआप 'अडथळा' या खात्यावर जमा होते.

आता आमचा स्वतःचा गुन्हा सांगतो. एका महाविद्यालयात प्रवेश आणि फीचे सगळे काम संगणकावर न्यायचे होते. त्या समितीत आम्ही होतो. हेडक्लार्क पहिल्याच बैठकीत म्हणाले, "सर, सवलतीतल्या मुलांची फी सरकारकडून मागाहून येते, कधी वर्ष उलटतं. पावती फाटल्याशिवाय हे सॉफ्टवेअर रोल नंबर देत नाही. मग या पोरांचं काय करायचं?" आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. पुस्तक वाचलेले होतेच. त्यांना प्रशिक्षणाला पाठवायचे ठरले. ते गेले, प्रमाणपत्र घेऊन आले, आणि टेबलाच्या खणात एक लांबट वही ठेवून सवलतीतल्या मुलांची नावे हाताने लिहू लागले. दोन वर्षे संगणकाचा पट एक आकडा सांगे आणि वही दुसरा. परीक्षेच्या वेळी खरी ठरे ती वही. दरम्यान कित्येक मुले रोल नंबरसाठी खिडकीपाशी ताटकळली. दुरुस्ती अखेर झाली, ती त्यांनी पहिल्या दिवशी सांगितली तीच. 'बदलाला विरोध' असे आम्ही ज्याला म्हणत होतो, ती माहिती होती, आणि ती फुकट मिळत होती.

कुणी म्हणेल, लोकांना आधीच सहभागी करून घ्या, प्रश्न मिटेल. इथे कुर्ट लेविन यांचा दाखला नेहमी देतात. गोठलेले वितळवा, हलवा, पुन्हा गोठवा, ही बर्फाची उपमा त्यांच्याच नावावर चालते. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्यांनी एक प्रयोग केला. जनावरांचे हृदय, गुर्दे असे एरवी नाकारले जाणारे मांस गृहिणींनी रांधावे, असा हेतू. ज्यांना व्याख्यान ऐकवले त्यांतल्या ३ टक्के बायकांनी पूर्वी न केलेला असा एखादा पदार्थ करून वाढला. ज्यांनी आपसात चर्चा करून निर्णय घेतला त्यांतल्या ३२ टक्क्यांनी. (व्याख्यान देता देता हा आकडा सांगणे आमच्या जिवावर येते, पण असो.) चर्चेचे बळ त्यात दिसते, हे खरेच. पण बारकाईने पाहा. काय रांधायचे हे चर्चेपूर्वीच ठरलेले होते. बायकांनी ठरवायचे ते फक्त हो की नाही. आपल्याकडच्या 'सर्वांना विश्वासात घेऊन' केलेल्या बहुतेक प्रकल्पांत सहभाग असतो तो इतपतच. वल्हवायला सगळे, सुकाणू मात्र आधीच बांधून टाकलेले.

जॉन ड्युई, म्हणजे कोलंबियात आंबेडकरांना शिकवणारे ड्युई, साध्य आणि साधन यांची अशी फाळणी मानत नसत. साध्य म्हणजे नजरेसमोर धरलेला एक अंदाज, आणि साधने वापरू लागल्यावर जे कळते त्याने तो अंदाज सुधारावा लागतो. फी-खिडकीवरचा अनुभव नुसता खिडकीचा नसतो, तो 'संगणकीकरण कशासाठी' या प्रश्नाचाही असतो. आमच्या समितीने हा प्रश्न पुन्हा उघडलाच नाही.

कॉटर यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दर महिन्याला दिशा बदलणारी संस्था कुठेच पोचत नाही, आणि 'फेरविचार' हे नाव घेऊन काम टाळणारे आम्ही खूप पाहिले आहेत. त्यांतले काही आमचे मित्र आहेत. त्यांचा आग्रह पोकळ नाही. पण चंचलपणा आणि शहाणपणाने वळणे यांत फरक करता येतो. काय दिसले तर आपण वळू, हे निघण्यापूर्वी लिहून ठेवावे. म्हणजे बाटली एकदाच ठेवायची नाही, वाटेतही ठेवायची. फ्रेडच्या बाटलीने 'इथे राहू नका' एवढे सिद्ध केले. 'तिकडे चला' हे तिने सिद्ध केले नव्हते, आणि पुस्तकात त्यासाठी दुसरी बाटली येत नाही.

गंमत अशी, की गोष्टीचा शेवट तिच्याच पावलांपेक्षा शहाणा आहे. पेंग्विन नव्या हिमनगावर जातात, आणि पुढच्या हंगामात त्याहून चांगला सापडल्यावर पुन्हा हलतात. मुक्काम हातचा सुटतो, भटकण्याची रीत तेवढी राहते. खुद्द कॉटरही वळलेच. २०१४ च्या 'अ‍ॅक्सिलरेट'मध्ये, आठ पावले एकामागून एक न टाकता एकाच वेळी चालू ठेवावीत, असे ते म्हणतात.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना हे अजिबात पटलेले नाही, त्यांनी आधी हात वर करावा.