काँक्रीट, छायाचित्र आणि अनुपस्थिती

वास्तूचे छायाचित्र ही कलाकृती की नोंद, हा प्रश्न सहसा रूपाच्या निकषावर सोडवला जातो. रेषा, पोत आणि छायाप्रकाश यांची संघटना स्वयंपूर्ण असेल तर ती कलाकृती, अन्यथा केवळ नोंद. मदन महत्ता (१९३२–२०१४) यांनी टिपलेली दिल्लीच्या 'हॉल ऑफ नेशन्स'ची कृष्णधवल छायाचित्रे ही विभागणी अपुरी ठरवतात.

वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ साली प्रगती मैदानावर हे प्रदर्शन-दालन उभे केले. पोलाद महाग आणि मनुष्यबळ विपुल, या परिस्थितीमुळे एरवी पोलादी नळ्यांची असणारी त्रिमितीय जाळी येथे जागेवरच ओतलेल्या काँक्रीटमध्ये साकारली. म्हणजे तिच्या भौमितिक घाटातच एका अर्थव्यवस्थेचा आणि अनेक हातांच्या श्रमांचा आशय सामावलेला होता.

२०१२ साली राम रहमान यांनी 'दिल्ली मॉडर्न' या प्रदर्शनातून महत्तांचे वास्तुचित्रण प्रेक्षकांसमोर आणले, तेव्हा हे दालन उभे होते. साठ वर्षांहून कमी वयाच्या वास्तूंचा वारसा म्हणून विचार न करण्याची भूमिका अधिकृत पातळीवर घेतली गेली आणि एप्रिल २०१७ मध्ये ते पाडण्यात आले. छायाचित्रांतील एकही रेषा बदलली नाही. त्यांचा अर्थ मात्र बदलला. छायाचित्राचे सार 'हे होते' या प्रतीतीत असल्याचे रोलाँ बार्थ यांचे प्रतिपादन येथे प्रत्ययास येते. रूप स्थिर राहूनही अर्थ पालटत असेल, तर अर्थाचे अधिष्ठान केवळ रूपात शोधणे तर्कसंगत ठरत नाही.

तथापि या विलापवाचनातही एक धोका आहे. काँक्रीट आणि छायाचित्र हे दोन्ही ठसेच होत. एकात साच्याच्या फळ्यांचा ठसा उमटतो, दुसऱ्यात प्रकाशाचा. या साधर्म्यामुळे छायाचित्रालाच वास्तूचा पर्याय मानण्याचा मोह होतो. परंतु दालनाचा अनुभव चालत्या देहाला येतो. छायाचित्र त्यातला एकच दृष्टिबिंदू आणि एकच क्षण राखते. 'नोंद झाली आहे, आता वास्तू गेली तरी चालेल' हा युक्तिवाद हा भेद पुसून टाकतो. म्हणून महत्तांची छायाचित्रे वास्तूची प्रतिनिधी म्हणून न वाचता तिच्या संदर्भातील साक्ष म्हणून वाचणे आवश्यक ठरते. साक्षीला मर्यादा असतात, आणि त्या मर्यादांची जाणीव हाच अशा समीक्षेचा आरंभबिंदू होय.