ऐकू आलं, पण कळलं नाही

दिवाळीनंतर सासूबाईंना घेऊन एका मोठ्या शहरात भुयारी मेट्रोच्या फलाटावर उभी होते. वरून आवाज घुमला. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय गं?" मला 'कृपया' आणि 'धन्यवाद' एवढंच कळलं. मधलं सगळं छताने गिळलं. लोक पलीकडच्या फलाटाकडे धावले, आमची गाडी गेली ती गेलीच.

आपण कवितेचं, नाटकाचं परीक्षण करतो. घोषणेचंही व्हायला हवं. तिला कसोटी एकच: सांगायचं ते पोचलं का?

आवाज वाढवून भागत नाही. भुयारात काँक्रीट, ग्रॅनाइट, काच, सगळं टणक. शब्द भिंतीवर आपटून परत येतो, तोवर पुढचा निघालेला असतो. स्वर लांबतात आणि त्यांच्याखाली 'त', 'ठ', 'स' ही नाजूक व्यंजनं दबतात. मग 'सात' काय नि 'आठ' काय! आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. संगमरवरी मंदिरात भजन गोड लागतं, पण प्रवचन मागे बसलेल्या बायकांना कळत नाही, ते याचमुळे.

1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबिन यांनी रात्री नाट्यगृहातल्या गाद्या आणून तिथे मांडल्या आणि मोजलं. गाद्या वाढल्या तसं घुमणं कमी झालं. आपल्याला हे नवं नाही. रिकामं घर घुमतं, पडदे-गाद्या आल्या की निवतं.

म्हणून छताला आवाज शोषणारं अस्तर हवं, आणि दोन-चार मोठ्या भोंग्यांपेक्षा जवळजवळ लावलेले, हळू बोलणारे पुष्कळ लहान स्पीकर बरे. मजकूरही सुधारायला हवा. आधी फलाटाचा आकडा, तो दोनदा, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना श्वासभर थांबणं. समवसरणात प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळे, असं आपण ऐकत आलो. मेट्रोकडून तेवढी अपेक्षा नाही, आकडा कळला तरी पुरे.

भोपाळची मेट्रो डिसेंबर 2025 पासून सुभाषनगर ते एम्स धावते, पण खांबांवरून. भुयारी स्थानकं दोन व्हायची आहेत: भोपाळ रेल्वे स्टेशन आणि नादरा बस स्टँड. गाठोडी घेऊन परगावची माणसं उतरतात ती नेमकी इथेच. ज्याला फलक वाचता येतो, त्याची घोषणा चुकली तरी चालतं. जिला वाचता येत नाही, तिला तोच आधार. उद्घाटनाआधी अशाच एखाद्या आजीला फलाटाच्या टोकाला उभं करावं आणि विचारावं, "काय म्हणाले, आजी?"