‘पंचम हेन्री’ : नाटक, बोलपट आणि इतिहास

शेक्सपिअरच्या ‘पंचम हेन्री’ या नाटकावरून लॉरेन्स ऑलिव्हिए यांनीं इ. स. १९४४ मध्यें जो बोलपट सिद्ध केला, त्याचें परीक्षण इतिहासविषयक त्रैमासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांस पडेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, या बोलपटांत तीन काळ एकावर एक रचलेले आहेत : इ. स. १४१५ मधील अजिनकोर्टची लढाई, इ. स. १५९९ च्या सुमाराचें नाटक आणि इ. स. १९४४ मधील महायुद्ध. साधनांचे थर वेगळे करणें हा संशोधकाचा नित्याचा उद्योग होय. तोच येथें केला असतां या कृतीचे गुणदोष यथार्थपणें कळतात.

प्रथम गुण पाहूं. युद्ध, मरण, नगराचा वेढा इत्यादि गोष्टी अंकांत प्रत्यक्ष न दाखवितां प्रवेशकाच्या द्वारें सूचित कराव्या, असें भरतमुनींनीं सांगितलें आहे. शेक्सपिअरला हा नियम ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण अडचण तीच होती. म्हणून त्यानें प्रत्येक अंकाच्या आरंभीं एक निवेदक आणला. तो लांकडी रंगभूमीच्या अपुरेपणाबद्दल क्षमा मागतो आणि जें उणें राहील तें प्रेक्षकांनीं कल्पनेनें भरून काढावें, अशी विनंति करतो. ऑलिव्हिए यांनीं या विनंतीवरच आपली सर्व रचना उभारली आहे. आरंभीं इ. स. १६०० मधील लंडनचें ग्लोब नाटकगृह दिसतें. रंगभूमीवर येण्यापूर्वीं नट घसा साफ करतो, मध्येंच पाऊस येतो, प्रेक्षक गलका करतात. पुढें बेरीच्या ड्यूकच्या सुप्रसिद्ध प्रार्थनापोथींतील चित्रांच्या धर्तीवर रंगविलेले देखावे येतात. मग अजिनकोर्ट येथें खरें आकाश आणि खरे घोडे. व शेवटीं पुन्हां ग्लोब. विल्यम वॉल्टन यांच्या संगीताच्या साथीनें फ्रेंच घोडदळ संथ पावलांनीं निघतें, दुडकीवर येतें, भरधांव सुटतें, आणि बाणांचा सणसणाट होतो. वीररसाचा असा परिपोष क्वचितच पाहावयास मिळतो.

आतां इतिहासाची कसोटी. बोलपटांतील रणभूमि म्हणजे आयर्लंडमधील पॉवर्सकोर्ट येथील हिरवें कुरण. खऱ्या लढाईच्या दिवशीं, म्हणजे २५ ऑक्टोबर १४१५ रोजीं, दोहों बाजूंच्या रानांमधील नांगरलेलें शेत पावसानें भिजलें होतें, आणि चिलखत घातलेले बहुतेक फ्रेंच योद्धे पायीं चालत येऊन चिखलांत रुतले. सरदारास यारीनें उचलून घोड्यावर बसविण्याचा देखावा निराधार आहे. संख्येविषयीं म्हणावें तर, नाटकांत फ्रेंच मृत दहा हजार आणि इंग्रज अवघे २९ सांगितले आहेत. अ‍ॅन करी या विदुषींनीं इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत पगाराच्या कागदपत्रांवरून इंग्रज सुमारें नऊ हजार व फ्रेंच सुमारें बारा हजार होते असें अनुमान मांडलें आहे. त्यावर इतर अभ्यासकांचा मतभेद आहे. असो. हे दोष क्षम्य आहेत; नाटक म्हणजे कांहीं दप्तर नव्हे.

खरा प्रश्न गाळलेल्या भागांचा आहे. साउथॅम्प्टन येथें उघडकीस आलेला सरदारांचा कट, हार्फ्लरच्या वेशीपुढें राजानें नागरिकांस घातलेली भयंकर धमकी, देवळांतील चोरीबद्दल बार्डॉल्फला झालेली फांशी, हेन्रीच्या पुत्राच्या कारकीर्दींत जिंकलेला मुलूख हातचा गेला हें सांगणारा उपसंहार, यांपैकीं बोलपटांत कांहीं नाहीं. परंतु सर्वांत मोठी उणीव कैद्यांच्या वधाची. नाटकांत शत्रु पुन्हां एकत्र होत आहे असें वाटतांच राजा, प्रत्येक शिपायानें आपापला कैदी ठार करावा, असा हुकूम देतो. पुढच्याच प्रवेशांत एक अधिकारी सांगतो कीं, फ्रेंचांनीं छावणींतील पोरें मारलीं म्हणून राजानें हें केलें. एकाच कृत्याचीं दोन कारणें कवीनें शेजारीं शेजारीं ठेवलीं आहेत, जणूं एका पोथीचे दोन पाठच. प्रत्यक्ष सैन्याबरोबर असलेल्या धर्मोपदेशकाच्या ‘गेस्टा हेन्रिकी क्विंटी’ या वृत्तांतांतही हा वध नमूद असून, नव्या हल्ल्याची आवई हें त्याचें निमित्त दिलें आहे. बोलपटानें पोरांची हत्या ठेवली, हुकूम मात्र काढून टाकला. त्या जागीं संतप्त राजा फ्रेंच सेनापतीशीं द्वंद्व करतो. हें द्वंद्व नाटकांत नाहीं, इतिहासांतही नाहीं. कारण तेंच ठेवून कार्य तेवढें बदललें!

येथें कोणी धनंजयाच्या ‘दशरूपका’चा आधार देईल. नायकास अनुचित अथवा रसास विरुद्ध असा मूळ कथेंतील भाग कवीनें सोडावा किंवा अन्यथा कल्पावा, अशी मुभा तेथें आहे. आणि दुर्वासाच्या शापाचें उदाहरण सर्वश्रुत आहे. परंतु कालिदासानें शाप कल्पिला, तरी शकुंतलेचा अव्हेर लपविला नाहीं. भर सभेंत दुष्यंत तिला नाकारतो, तें दुःख प्रेक्षकांस भोगावेंच लागतें. येथें कृत्यच नाहींसें झालें, आणि त्याबरोबर मारले गेलेले कैदीही.

तथापि त्या घडीचा विचार केला पाहिजे. जून १९४४ मध्यें दोस्त सैन्य नॉर्मंडींत उतरलें. हार्फ्लर त्याच प्रांतांत आहे. नोव्हेंबरांत लंडनमध्यें हा बोलपट प्रथम दाखविला गेला, तेव्हां प्रेक्षकांतील कित्येकांचीं मुलें त्या बाजूस लढत होतीं. ब्रिटनच्या कमांडो व हवाई सैनिकांस तो अर्पण केलेला आहे. अशा वेळीं त्यांना कैद्यांचा वध दाखविला नाहीं, म्हणून दूषण देण्यास आम्ही धजत नाहीं. बखर जें गाळते त्यावरून बखरकाराचा काळ ओळखावा, हें आमचे वाचक जाणतातच. त्या न्यायानें इ. स. १४१५ विषयीं दुर्बळ असलेलें हें साधन इ. स. १९४४ विषयीं अव्वल दर्जाचें ठरतें.

पण कालमानाची ही सबब पुरती टिकत नाहीं. केनेथ ब्रॅना यांनीं इ. स. १९८९ मध्यें याच नाटकावर दुसरा बोलपट काढला. त्यांत चिखल आला, कट आला, फांशी आली; कैद्यांविषयींचा हुकूम मात्र त्यांतही आला नाहीं. त्या वेळीं महायुद्ध नव्हतें. म्हणजे अडचण काळाची नसून नायकावरील प्रेमाची आहे. आपल्या वीरपुरुषांविषयीं लिहितांना आपणांसही ती पदोपदीं भासते. राजाचा पराक्रम गाणाऱ्या शेक्सपिअरनें मात्र ती दोन ओळींची आज्ञा नाटकांत राहूं दिली.

विद्यार्थ्यांस हा बोलपट अवश्य दाखवावा. तो संपल्यावर दिवे लावून चवथ्या अंकांतील तो प्रवेश त्यांजकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा, एवढीच आमची सूचना आहे.