शिक्षकाचा हिशेब, अर्लचे पत्र

शाळेत बॉईलचा नियम पाठ करताना, हा रॉबर्ट बॉईल पंधराव्या वर्षी परमुलखात पैशाविना अडकून पडला होता हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. त्या दिवसांत त्याला सांभाळले इझाक मार्कोंब या फ्रेंच प्रॉटेस्टंट शिक्षकाने. मार्कोंब आणि रॉबर्टचे वडील रिचर्ड बॉईल, म्हणजे आयर्लंडमधले अर्ल ऑफ कॉर्क, यांची पत्रे अलेक्झांडर ग्रोसार्टने १८८६ ते १८८८ या काळात ‘लिस्मोर पेपर्स’मध्ये छापली. अभ्यासक ती चाळतात ती बहुधा रॉबर्टच्या चरित्रासाठी, आणि मार्कोंब तळटीपेत राहतो. हा त्याच्यावर अन्याय आहे असे मला वाटते.

मार्कोंबने आधी अर्लच्या दोन थोरल्या मुलांना युरोप दाखवून आणले होते. ऑक्टोबर १६३९मध्ये फ्रान्सिस आणि रॉबर्ट त्याच्या हवाली झाले. फ्रान्सिसचे तर नुकतेच, काही दिवसांपूर्वी, लग्न लागले होते. मुक्काम जिनिव्हात. तिथून मार्कोंब लिहितो ते नोकराने मालकाला लिहावे तसे: मुले काय शिकतात, तब्येत कशी, खर्च किती. मुलांची स्तुती भरपूर. तिच्यात माया आहेच, पण नोकरी टिकवण्याची काळजीही आहे. रॉबर्टला नाच शिकण्याचा तिटकारा होता हे त्याच्याच आत्मकथनातून कळते; अशा कुरबुरी मालकापर्यंत पोचवण्यात शिक्षकाचा काय लाभ? त्यामुळे ही सुरुवातीची पत्रे, खरे सांगायचे तर, कंटाळवाणी आहेत.

ऑक्टोबर १६४१मध्ये आयर्लंडात बंड पेटले, तेव्हा ही मंडळी इटलीच्या वाटेवर होती. ९ मार्च १६४२ रोजी अर्लने यॉलहून मार्कोंबला पत्र लिहिले. सगळ्या पत्रव्यवहाराचा कणा हे एक पत्र आहे. चांदीची भांडी विकून कसेबसे २५० पौंड उभे केले आहेत, यापुढे पैसे पाठवणे शक्य नाही. मुलांनी घरी यावे, नाहीतर हॉलंडात जाऊन ऑरेंजच्या राजपुत्राच्या चाकरीत शिरावे. आजवर हुकूम सोडणारा माणूस इथे पगारी शिक्षकापुढे आपली रिकामी तिजोरी उघडून दाखवतो. १५८८मध्ये २७ पौंडांच्या आसपास रोकड घेऊन आयर्लंडात उतरलो, हे अभिमानाने सांगणारा हा माणूस. त्याची दौलत उभी राहिली ती मन्स्टरच्या जमिनींवर. वॉल्टर रॅलेची तिथली जहागीर त्याने १६०२मध्ये विकत घेतली होती. त्या जमिनींचे आधीचे धनी कोण होते, हा प्रश्न पत्रात डोकावतही नाही. अर्लच्या दुःखाने गलबलून जातानाही वाचकाने हे विसरू नये. ग्रोसार्ट बराचसा विसरला.

पत्र मे महिन्यात मार्सेलमध्ये हाती आले. पैसे आलेच नाहीत. लंडनच्या ज्या व्यापाऱ्याकडे ते सोपवले होते, त्याने ते पुढे पाठवले नाहीत. फ्रान्सिस लढाईसाठी आयर्लंडला निघाला. रॉबर्टची प्रकृती नाजूक, त्याला मार्कोंब जिनिव्हाला परत घेऊन गेला. सप्टेंबर १६४२मध्ये लिस्कॅरॉलच्या लढाईत लुईस पडला. हाही मार्कोंबचाच जुना शिष्य. पुढच्या सप्टेंबरात अर्लही गेला.

म्हणजे ज्याने नेमले तो नाही, पगार नाही, परत बोलावणारे कुणी नाही. तरी १६४४पर्यंत रॉबर्टचा खर्च मार्कोंबच्या पतीवर चालला. परतीच्या वाटखर्चालाही त्याच्याच पतीवर मिळवलेले दागिने वाटेत विकावे लागले. नोकर धनको झाला, आणि या काळातल्या त्याच्या मनाविषयी आपल्याला फार थोडे वाचायला मिळते. मालक गेल्यावर कळवायचे कुणाला? मालकाला खूश ठेवणारी जुनी पानेही मग वेगळी वाचावी लागतात. स्तुतीतला हिशेब खरा होता, आणि मायाही खरी होती.

२२ ऑक्टोबर १६४६ रोजी रॉबर्टने लंडनहून मार्कोंबला लांबलचक पत्र लिहिले. त्यात इंग्लंडमधल्या यादवीची आणि धर्मपंथांच्या गोंधळाची हकिगत आहे, आणि स्वतःच्या अभ्यासाचीही. ‘अदृश्य’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या विद्वन्मंडळाचा उल्लेख याच पत्रात येतो. आता खबरी कळवत होता तो शिष्य.