श्रुतलेखनातील चुका आणि फ्रेंच बालकाचे वर्णलेखन

फ्रेंच लेखनपद्धतीच्या अभ्यासात नीना काताश यांच्या १९८० मधील ग्रंथाचे महत्त्व निर्विवाद आहे. उच्चार दर्शविणारी, व्याकरणिक रूप दर्शविणारी आणि समोच्चारी शब्दांत भेद करणारी असे चिन्हांचे वर्ग त्यांनी कल्पिले, आणि फ्रेंचमधील मूक अक्षरे म्हणजे केवळ इतिहासाचा कचरा नव्हे हे दाखवून दिले. ‘पती’ (लहान) या विशेषणाच्या अंती लिहिला जाणारा ‘टी’ ऐकू येत नाही. परंतु ‘पतीत’ या स्त्रीलिंगी रूपात तो स्पष्ट उच्चारला जातो. तथापि ही व्यवस्था भाषा पूर्णपणे अवगत असलेल्या अभ्यासकाने वरून पाहून रेखाटलेला नकाशा आहे. बालकही याच क्रमाने, आधी ध्वनी आणि मग व्याकरण असे शिकते, हा अध्यापनशास्त्राने त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकणारा नाही.

‘आब्री’ (आसरा) या शब्दाचेच पाहावे. ‘आब्रिते’ या क्रियापदात ‘टी’ आहे. म्हणून वरील युक्तीने चालणारे मूल ‘आब्री’च्या अंतीही ‘टी’ लिहिते आणि चुकते. चूक तर्काची नसून भाषेची आहे! उलटपक्षी, सेबास्तियाँ पाक्तों व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शाळेच्या प्रारंभीच्या वर्षांतील मुलांनीही, द्वित्त व्यंजन शब्दारंभी असलेल्या कल्पित शब्दांपेक्षा ते मध्ये असलेले शब्द अधिक पसंत केले. हा नियम त्यांना कोणी शिकविला नव्हता. छापील अक्षरांच्या नित्य दर्शनाने तो अंगवळणी पडला होता. तेव्हा लिपीची रूढी आत्मसात करण्यासाठी मूल ध्वनीचा धडा पुरा होण्याची वाट पाहत नाही.

परंतु खरी कसोटी अनेकवचनाची. ‘मांजर खाते’ आणि ‘मांजरे खातात’ या दोन फ्रेंच वाक्यांत कानाला जाणवणारा भेद एकच: ‘ल’ या उपपदाचे ‘ले’ होते. लिहिताना मात्र तो तीन ठिकाणी दाखवावा लागतो. उपपदाला ‘एस’, नामाला ‘एस’, क्रियापदाला ‘एन-टी’. जसे बोलावे तसे लिहावे या समजुतीत वाढलेल्या मराठी वाचकाला या ओझ्याची कल्पना सहज यावयाची नाही. मिशेल फायोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसणारा क्रम उद्बोधक आहे. प्रथम मूल शब्दाच्या अंती काहीच लिहीत नाही. नंतर ते ‘एस’ शिकते आणि तो क्रियापदालाही लावते. पुढे ‘एन-टी’ हाती येते, तेव्हा ते कधी कधी नामालाही चिकटते. म्हणजे काल जे नाम शुद्ध लिहिले गेले तेच आज अशुद्ध होते, आणि तरीही मुलाचे ज्ञान वाढलेले असते. प्रौढांचीही यातून सुटका नाही: स्मरणशक्तीवर दुसरा भार टाकला की ‘शेजाऱ्यांचा कुत्रा’ अशा पदबंधानंतर सुशिक्षित लेखकही एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद जोडतो.

या पार्श्वभूमीवर श्रुतलेखनाच्या आकड्यांचा विचार व्हावयास हवा. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने १९८७, २००७, २०१५ आणि २०२१ या वर्षी प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्गास एकच उतारा घातला; सरासरी चुका सुमारे ११ वरून १९ च्या वर गेल्या. उतारा तोच असल्याने ही घसरण खोटी म्हणता येणार नाही. वाढ प्रामुख्याने व्याकरणिक चुकांची आहे, हेही त्या पाहणीतच नमूद आहे. दोष आहे तो चुकांची नुसती बेरीज करण्याच्या सवयीत. क्रियापदाच्या अंती काहीच न लिहिणारा विद्यार्थी आणि तेथे ‘एस’ लिहिणारा विद्यार्थी, दोघांच्याही नावे एकेकच चूक पडते. पहिल्याला अनेकवचनाची जाणीवच झालेली नाही. दुसऱ्याला ती झाली आहे, फक्त प्रत्यय चुकला आहे. दोघांना द्यावयाचा पाठ भिन्न आहे, पण गुणपत्रिकेत तो भेद उमटत नाही आणि दोघेही सारखेच ‘कच्चे’ ठरतात.

६ डिसेंबर १९९० रोजी राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या लेखनसुधारणांवर फ्रान्समध्ये मोठे वादंग माजले. त्या सुधारणांचा रोख मुख्यतः ‘आय’ व ‘यू’ या अक्षरांवरील टोपीसारखे चिन्ह, संयोगचिन्हे आणि काही विसंगत शब्द यांच्यावर होता. क्रियापदाच्या अंती मूक राहणाऱ्या ‘एन-टी’ला त्यांनी हातही लावला नाही.