आजार जवानाचा, पुरावा कुणाचा?

मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी एकाने विचारलं, निकालाची समीक्षा म्हणजे सारांशच ना? नाही. दोन निकाल शेजारी ठेवून बघू.

कामठीत गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र असल्याने नागपूरकडे ‘डिसेबिलिटी पेन्शन’ हा शब्द नवा नाही. आजारामुळे सैन्यातून घरी पाठवलेल्या जवानाच्या कागदावर मेडिकल बोर्ड कधी कधी शेरा मारतं: आजार सेवेमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून फौजी याला ‘नाना’ म्हणतात. (कुणा नानासाहेबांचा संबंध नाही!) ‘नाना’ पडला की दावा फेटाळला जातो. मग अपिलं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण.

पहिला निकाल धरमवीर सिंग, 2013. सिग्नल्समधला जवान, सुमारे 9 वर्षं सेवा, अपस्मार, 20 टक्के अपंगत्व. बोर्डाच्या मते आजार प्रकृतीतलाच. कारण मात्र दिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने 1982 चे नियम वाचले: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, आणि सिद्ध करायचा भार त्याच्यावर नाही. पेन्शन मंजूर.

दुसरा नरसिंह यादव, 2019. आजार स्किझोफ्रेनिया. कोर्ट म्हणालं, मानसिक आजार भरतीच्या तपासणीत कळेलच असं नाही, म्हणून हे गृहीतक सरसकट लावता येणार नाही; भक्कम वैद्यकीय पुरावा नसेल तर बोर्डाचं मत खोडण्याइतकं ज्ञान कोर्टाकडे नसतं. पेन्शन नाही.

इथे सारांश संपला. आता प्रश्न विचारा. तपासणीच्या दिवशी फिट आली नाही तर अपस्मार तरी कुठे दिसतो? मग फरक आजारात नाही, भार कुणावर टाकला यात आहे. जे कळणं शक्य नाही त्याच्यासाठीच तर नियमात गृहीतक असतं. ‘कळत नाही’ हेच ते न लावण्याचं कारण झालं, तर ते उरतं कशासाठी? आणि भक्कम पुरावा आणायचा कुठून? दवाखान्याचे कागद सैन्याकडेच राहतात. कोर्टाची भीती खोटी नाही. प्रत्येक आजार सेवेचाच धरला तर नियमातल्या ‘सेवेमुळे’ या शब्दाला अर्थ उरणार नाही. पण त्यासाठी बोर्डाकडून कारणं मागता आली असती. मला दुसरा निकाल इथेच कच्चा वाटतो.

दोन्ही खंडपीठं दोन-दोन न्यायाधीशांची. त्यामुळे प्रबंधात ‘कायदा असा आहे’ असं लिहिण्याआधी जरा थांबा.

आणि हो, अशा निकालांवरून टक्केवारी काढू नका. धरमवीर 1994 मध्ये घरी आले, निकाल 2013 चा. पहिल्या नकारानंतर ज्यांनी फाइल ट्रंकेत टाकली, ते कुठल्याच डेटाबेसमध्ये सापडत नाहीत. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात जाता येतं हे 2023 च्या परशोतम दास निकालाने पुन्हा स्पष्ट केलंय, तेव्हा नागपूर खंडपीठाचे निकालही बघत चला. बघताना आधी एवढंच शोधा: बोर्डाने कारण लिहिलं होतं का, आणि कोर्टाने ते विचारलं का.