दासपदे आणि भीमसेन

पूर्वजांचे पद गळ्यावर चढले, की गायक त्यांचा वारसदार झाला, ही समजूत आम्हांस मान्य नाही. त्या पदाला स्वतःच्या मेहनतीची जोड द्यावी लागते. याचा दाखला हुबळी-धारवाडच्या मुलखातच आहे.

भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ सालचा, गदग भागातला. आईची भजने ऐकतच ते वाढले. पुढे हुबळीजवळच्या कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांपाशी त्यांनी किराणा घराण्याची तालीम घेतली. मग पुरंदरदासांचे कानडी पद आणि तुकोबांचा मराठी अभंग त्यांच्या कंठात सारख्याच अधिकाराने नांदू लागले. त्यात नवल ते काय? दोघांचा विठ्ठल एकच.

'भाग्यदा लक्ष्मी बारम्म' हे पुरंदरदासांचे पद घ्या. कानडी घरांत लक्ष्मीपूजेला बायका ते साध्या चालीत म्हणतात. भीमसेनांनी त्याला ख्यालाचा दमसास दिला, परंतु देवीला घातलेली हाक हरवू दिली नाही. क्वचित एखादी तान शब्दावर कुरघोडी करते, हेही सांगितले पाहिजे. तेथे पद मागे पडून गवई पुढे येतो.

२०११ साली भीमसेन गेले, ध्वनिमुद्रणे राहिली. आमची चिंता येथेच आहे. देवळात ती लावून भजनी मंडळी गप्प बसली, तर हा ठेवा केवळ ऐकण्यापुरता उरेल. त्यांच्या तानांची नक्कल करण्याचा हव्यासही कोणी धरू नये. आरतीनंतर दोन पदे सर्वांनी मिळून, जमतील त्या सुरांत म्हणावीत. भीमसेनांच्या कानी भजन प्रथम आले ते घरच्या गळ्यातूनच.